चोपड्याचा लाकडी कॅम्पिंग ट्रेलर : प्लाय नंतर, वजन आधी

चोपड्याच्या एका गृहस्थांनी विचारलंय ते थोडक्यात असं. घरामागच्या शेडमध्ये ८ बाय ४ फुटांचा लाकडी कॅम्पिंग ट्रेलर बांधायचा आहे. आत गादी, मागचं झाकण उचललं की छोटा ओटा. नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी. फिरायला जवळचं उनपदेव, पाल, जमलं तर तोरणमाळचा डोंगर. १८ मिमी मरिन प्लाय, शेतातल्या तोडलेल्या बाभळीचा सांगाडा, वरून पत्रा. ओढायला दीड लिटरची पेट्रोल गाडी. प्रश्न एवढाच : १८ मिमी पुरेल का, की आणखी जाड घेऊ? आणि खर्च किती?

भाऊ, प्लायची जाडी हा यातला शेवटून दुसरा प्रश्न आहे. मी धुळ्यात ट्रकच्या बॉड्या बांधतो, मधूनमधून चहा-नाश्त्याच्या ट्रॉल्या आणि असे झोपायचे ट्रेलरही केलेत. घरी बांधणाऱ्याची खोली सहसा चांगलीच होते. अडतं ते तिच्या खाली आणि तिच्या पुढे, म्हणजे चाकं, त्यांना जोडणारा आस म्हणजे ॲक्सल, आणि ओढणारी गाडी. तुमचा खरा प्रश्न असा आहे : तुमच्या गाडीला किती वजन ओढायची मुभा आहे, आणि तेवढ्या वजनात तिघांची रात्र कशी बसवायची?

म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल काढा. ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येईल हे त्यात शोधा. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘ट्रेलर ओढू नये’ असंच लिहिलेलं असतं. तसं असेल तर त्या गाडीपुरता विषय संपला. बंपरखाली स्क्रू करून लावायचा जो गोल हुक मिळतो तो बंद पडलेली गाडी दोरीने ओढायला आहे. त्यावर ट्रेलर लावायचा नाही. ट्रेलरची पुढची दांडी ज्या लोखंडी गोळ्यावर बसते तो बॉल गाडीच्या चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, पक्क्या धरलेल्या ब्रॅकेटवरच हवा.

दुसरी गोष्ट आरटीओ. शेताच्या बांधावरून ट्रॉली नेण्याची आपल्याला सवय असते, त्यामुळे हे डोक्यात येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे गाडीचा नंबर वेगळा, ट्रेलरचा वेगळा. घरी वेल्डिंग केलेल्या चॅसीला नंबर मिळवणं अवघड जातं, कारण चॅसीला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी मागतात. माझ्या मते सरळ वाट एकच : मंजुरी असलेल्या कारखान्याची छोटी चॅसी कागदांसकट विकत घ्यायची आणि वरची लाकडी खोली आपण बांधायची. तेही जळगावच्या आरटीओत नकाशा दाखवून, काय चालेल ते विचारून मगच. विना नोंदणीचा ट्रेलर मागे असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. आणि नोंदणी असली तरी चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही. मुलगी कितीही हट्टाला पेटली तरी नाही.

दोन्हीकडून नकार आला तर? घरात किंवा भावकीत पिकअप असेल तर हीच खोली चाकांशिवाय बांधा, चार पायांवर उभी राहणारी. पिकअपच्या हौद्यात सरकवायची, बांधायची, मुक्कामी पोचल्यावर वापरायची. तेव्हा ती भरलेल्या मालासारखी असते. सुतारकाम अगदी तेच राहतं, त्यामुळे पुढचं सगळं तिलाही लागू आहे, फक्त ॲक्सलचं सोडून.

आता वजन. १८ मिमीची ८ बाय ४ ची एक शीट वखारीत एकट्याने उचलून पाहा. चांगल्या हार्डवुडची असेल तर ३५ ते ४० किलो भरते. तुमच्या नकाशात तळाला एक, बाजूंना दोन, छत, पुढचं-मागचं तोंड आणि मधली भिंत मिळून तीन, अशा सहा शीटा. झाले सव्वादोनशे किलो. बाभूळ पन्नासेक किलो, पत्रा वीस-पंचवीस, खालचं लोखंड, ॲक्सल, चाकं, दारं. रिकामा ट्रेलर साडेचारशेच्या घरात जातो, आणि अजून गादी, पाणी, शेगडी, किराणा चढायचाच आहे.

मी असं करतो. तळाला १२ मिमी, साधारण २४ किलो. दोन्ही बाजूंना १२ मिमी, ४८ किलो. छताला ६ मिमीच्या दीड शीटा, १८ किलो. पुढं-मागं आणि मधल्या भिंतीला ९ मिमी, मिळून २७ किलो. आतून ४० बाय २० मिमीच्या पाइनच्या रिपा, छताला दर दीड फुटावर एक. तीस मीटर रिपांचं वजन बारा किलोच्या पुढे जात नाही. खालची चॅसी ५० बाय ५० च्या ३ मिमी चौकोनी पाइपची असेल तर मीटरला सव्वाचार किलो, तेरा मीटर पाइपात दांडीसकट काम होतं, म्हणजे ५५ किलो. ॲक्सल, पाटे (म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या), चाकं साठ-सत्तर. दारं, खिडक्या, बिजागऱ्या, रंग धरून रिकामा ट्रेलर पावणेतीनशे ते तीनशे. वर शंभर किलो सामान. चारशेच्या आत. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला भरल्या वजनाची मर्यादा ७५० किलो आहे, तो आकडा पाहून तिकडचे व्हिडिओ सांगतात की काही होत नाही. तिकडचे रस्ते, तिकडच्या ओढणाऱ्या गाड्या आणि आपला तोरणमाळचा घाट यांचा मेळ घालू नका. दीड लिटरच्या गाडीमागे, ब्रेकशिवाय, मी चारशेच्या वर जाणार नाही.

बाभूळ फुकट आहे म्हणून मोह होतो हे कळतं. गाड्याच्या चाकाला, नांगराला तिच्यासारखं लाकूड नाही. पण ती जड आहे आणि ताजी तोडलेली असेल तर वर्षभर पीळ सोडत राहते. तिचे चाकाखाली लावायचे ठोकळे करा. साग उत्तम, पण दाराच्या चौकटीपुरता घ्या, बाकी पाइन पुरतं. लाकूड कोरडं आहे का ते बघून घ्या. श्रावणात वखारीतून आणलेली पट्टी वैशाखात अंग चोरते, आणि आपल्याकडे वैशाख म्हणजे भुसावळ-जळगावचे ४५ अंश. पट्टी लांबीत फारशी बदलत नाही, रुंदीत बदलते. म्हणून दार चौकटीत अगदी घट्ट बसवू नका, चारी बाजूंना ३ मिमी जागा सोडा आणि रबरी बीडिंग लावा. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं दार पावसाळ्यात उघडत नाही.

प्लाय घेताना आयएस ७१० (मरिन प्लायचं भारतीय मानक) लिहिलेली घ्या. नुसत्या ‘मरिन’ शिक्क्याला अर्थ नाही. शीटवर आयएसआयचं चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर हवा. तरी खात्री नसेल तर दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागा. आयएस ७१० च्या कसोटीत प्लाय ७२ तास उकळतात. घरी जुन्या पातेल्यात दिवसभर उकळा, गार झाल्यावर कडेला पटाशीचं टोक घालून थर उचलून बघा. डिंक चांगला असेल तर लाकडाचे धागे तुटतात, थर सुटत नाही. थर पापडासारखा अलगद उठला तर ती प्लाय घरातल्या कपाटाला ठीक, रस्त्यावरच्या पावसाला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ॲक्सल कुठे बसवायचा. बैलगाडीत कडबा मागे जास्त भरला की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त भरला तर बैलांची मान दबते. ट्रेलरचं गणित हेच आहे, फक्त बैलाच्या मानेच्या जागी गाडीचा बॉल. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के वजन बॉलवर यायला हवं. कमी आलं तर साठ-सत्तरच्या वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो आणि गाडीचं मागचं अंग सोबत फिरवतो. तुमच्या नकाशात ओटा, सिलिंडर, पाणी सगळं मागे आहे. म्हणजे तुमचा ट्रेलर जन्मतःच उलाळ.

पुस्तकातलं सूत्र सांगतं की खोलीच्या लांबीच्या, पुढून मोजून, साठ टक्क्यांवर ॲक्सल ठेवा. सुरुवातीला ठीक आहे, पण प्रत्येकाचं सामान वेगळं. मी असं करतो : खोली चॅसीवर बसवायची, आत गादी टाकायची, पाण्याचा वीस लिटरचा कॅन भरून, पाच किलोचा सिलिंडर, भांडी, बॅगा जिथे जायच्या तिथे ठेवायच्या. मग चॅसीखाली दोन्ही बाजूंना आडवा एक गोल पाइप घालून सगळा डोलारा त्यावर तोलायचा. दोन माणसं दोन टोकांना, पाइप अर्धा-अर्धा इंच सरकवत. जिथे तो दोन्हीकडे सारखा डुलतो तिथे खडूने रेघ. ही वजनाची मध्यरेषा. बॉल ते ॲक्सल अंतर अडीच मीटरच्या आसपास असेल तर ॲक्सल या रेघेच्या ३० सेंटीमीटर मागे घ्या. ३० भागिले २४५, म्हणजे १२ टक्के. चारशे किलोला बॉलवर ४८ किलो. ॲक्सल-चाकांचं वजन त्यांच्याच जागी पडत असल्याने बॉलवरचा आकडा किंचित इकडे-तिकडे होईल, तो पुढे काट्यावर कळेल. आणि हे ४८ किलो गाडीच्या मागच्या चाकांवर येतात, तेव्हा डिकीत तेवढं सामान कमी भरायचं.

पाट्यांचे ब्रॅकेट लगेच वेल्ड करू नका. बोल्टने बसवा, पुढे-मागे दोन-दोन जादा भोकं ठेवा. तयार चॅसी घेणार असाल तर ॲक्सलची जागा ठरलेली असते, आणि तिला भोकं पाडायला किंवा वेल्ड करायला जाऊ नका, मंजुरीचा कागद वाया जाईल. तेव्हा उलटं करा, खोली आणि सामान पुढे-मागे सरकवून तोल आणा. पाण्याचा कॅन पुढच्या भिंतीला नेला एवढ्याने बराच फरक पडतो. मी तर ओट्याखाली फक्त भांडी ठेवायला सांगतो.

पाट्यांचं एक. ट्रॅक्टर ट्रॉलीचे जुने पाटे स्वस्तात मिळतात म्हणून कुणी ते सुचवेल. ते टनावारी मालासाठी आहेत, चारशे किलोला वाकतच नाहीत. मग प्रत्येक खड्डा थेट प्लायच्या सांध्यात जातो, आणि आपल्या बाजूच्या रस्त्यांवर दोन हंगामांत कोपरे उघडतात. भरल्या वजनाला दबेल असा हलका पाटा घ्या. चाकं शक्य असतील तर गाडीच्याच मापाची आणि त्याच भोकांची, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालते. खोली चॅसीला ८ मिमीच्या बोल्टने, आठ ठिकाणी, मोठे वॉशर घालून. मध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. लोखंड आणि प्लाय थेट भिडले की त्या रेषेत पाणी धरतं आणि तिथूनच सड सुरू होते.

पाणी प्लायच्या चेहऱ्यातून क्वचित शिरतं, शिरतं ते कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. म्हणून कापलेली प्रत्येक कड जोडण्याआधी इपॉक्सीने (दोन भाग कालवून लावायचा, कडक होणारा राळेसारखा लेप) पाजा, दोन हात. जोडून झाल्यावर आतल्या कडेला ब्रश पोचत नाही. इपॉक्सी मे महिन्यात दुपारी कालवू नका, डब्यातच तापून दगड होते. सकाळी, वाटीभर-वाटीभर कालवा. स्क्रू स्टेनलेसचे. जिप्समचे काळे स्क्रू गंजतात आणि त्यांची मुंडी कटकन तुटते. तळाच्या खालच्या अंगाला डांबरी रंगाचे दोन हात. छत थेंबाच्या आकाराचं करायचा विचार फोटो बघून आलाय ना? पहिल्या ट्रेलरला सोडून द्या. ६ मिमी प्लाय वाकवायची तर वरच्या थराच्या शिरा कोणत्या दिशेला आहेत ते पाहावं लागतं, नाहीतर मधोमध तडकते. पुढून तिरकं आणि मागे उतार दिलेलं सपाट छत निम्म्या दिवसात होतं आणि पाणीही थांबत नाही.

छताला पत्रा हवाच असेल तर प्लायला चिकटवून नको. एक इंचाच्या रिपा टाकून वर पत्रा, दोन्ही टोकांना मोकळं, म्हणजे मधून वारा फिरतो. नाहीतर पांढरा रंग पुरे. रिपांच्या मध्ये आतून २५ मिमी थर्माकोल भरा. तो चिकटवायला सनमायकाचा पिवळा डिंक वापरू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं, डोळ्यांदेखत खड्डे पडतात. फेव्हिकॉलचे चार ठिपके पुष्कळ. थर्माकोलने खोली थंड होत नाही, तापायला वेळ लागतो इतकंच. एप्रिल-मे मध्ये दिवसभर उन्हात उभा ट्रेलर रात्री दहापर्यंत झोपण्यासारखा नसतो, मी बांधलेलाही नसतो. त्याला उपाय म्हणजे निंबाची सावली, वरून ताणलेली हिरवी जाळी, आणि एकमेकांसमोर दोन झरोके, एक खाली एक वर, दोन्हींना मच्छरजाळी. एक बारा व्होल्टचा छोटा पंखा वरच्या झरोक्यात उलटा लावा, हवा बाहेर फेकणारा.

झरोके हिवाळ्यातही बंद करायचे नाहीत. धुळ्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे, तोरणमाळला ती आणखी बोचते. एवढ्याशा खोलीत तिघांच्या श्वासाने सकाळी भिंती ओल्या होतात. आणि कोळशाची शेगडी किंवा गॅस आत, पेटता ठेवून झोपायचं, हे अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गोधड्या जास्त घ्या. चार फुटांत तुम्ही तिघं दाटीने मावाल. दोन वर्षांनी मुलीला बाजूला छोटा तंबू लागेल, तर त्या बाजूच्या कडेला आत्ताच ताडपत्री अडकवायची पट्टी ठोकून ठेवा.

खर्चाचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण प्लायचा भाव फुटामागे दुकानागणिक बदलतो आणि चॅसी कागदांची की बिनकागदांची यावर सगळं फिरतं. एवढं सांगतो की माझ्याकडे येणाऱ्या ट्रेलरमध्ये निम्मे पैसे खालच्या लोखंडात, चाकांत आणि दिव्यांत जातात. लोक प्लायचा हिशेब धरतात आणि तिथेच फसतात. दिवे म्हणजे मागचा लाल, ब्रेकचा, दोन इंडिकेटर, नंबर प्लेटचा आणि रिफ्लेक्टर. बॉलखाली दोन साखळ्या, एकमेकींना आडव्या, म्हणजे कपलिंग (दांडीचा बॉलवर बसणारा जोड) सुटलंच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांवर झुलते.

बांधून झाल्यावर भरलेला ट्रेलर जिनिंगच्या नाहीतर केळीच्या गाड्या मोजतात त्या काट्यावर न्या. एकूण वजन तिथे कळेल. बॉलवरचं वजन घरीच, दांडीखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली माणसांचा वजनकाटा ठेवून, दांडी बॉलच्या उंचीवर असताना. आकडा दहा टक्क्यांच्या खाली आला तर ॲक्सल मागे घ्या किंवा सामान पुढे आणा. मग पहिली फेरी चोपडा ते अडावद, तिथून उनपदेव, एवढीच. साठच्या वर नाही. कधी शेपूट हललंच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा. पाल किंवा यावल अभयारण्यात मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. तोरणमाळ मात्र मी पहिल्या वर्षी सुचवणार नाही. चढताना क्लच जळतो हे दिसतं तरी. उतरताना मागचे चारशे किलो तुमच्या गाडीचेच ब्रेक वापरतात, तिथे दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचं.

पावसाळ्यात ट्रेलर शेतात लावणार असाल तर काळ्या मातीत चाकं रुततात. खाली फरशा टाका, चॅसीला चार बाजूंनी टेकू द्या आणि प्लाय जमिनीला कुठेच टेकू देऊ नका, वाळवीला वाट मिळते. उनपदेवला पोचल्यावर दोन्ही हबना (चाकांच्या मधल्या तुंब्यांना) हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर बेअरिंगचा नट जास्त आवळलाय, तो किंचित सैल करायचा, आणि चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने बघून घ्यायचे. सध्या मात्र मॅन्युअलमधला ओढायच्या वजनाचा आकडा आणि गाडीच्या मागच्या खालच्या अंगाचा एक फोटो पाठवा. ब्रॅकेट कुठे धरता येईल आणि दांडी किती उंच ठेवायची ते त्यावरून सांगतो. तोवर प्लाय आणू नका.